अंतराळवीर महिलांची निवड: पात्रतेच्या अटी आल्या कुठून?

अंतराळात गेलेली पहिली स्त्री कापडगिरणीतली कामगार होती, हे सोलापूरकरांना तरी ठाऊक हवं. सोव्हिएत रशियातल्या यारोस्लाव्हलच्या गिरणीत काम करणारी वालेंतिना तेरेश्कोवा फावल्या वेळात पॅराशूटने उड्या मारायची आणि तेच तिच्या कामी आलं. तिचं वोस्तोक यान माणसासकट अलगद उतरत नसे. सुमारे ७ किमी उंचीवर अंतराळवीर आसनासह बाहेर फेकला जाई आणि स्वतःच्या पॅराशूटने खाली येई. उड्डाण बहुतांशी स्वयंचलित, त्यामुळे वैमानिकाचा परवाना सक्तीचा नव्हता. १९६२ साली पाच जणी निवडल्या गेल्या, त्यातली ही १९६३ च्या जूनमध्ये गेली.

अमेरिकेने १९५९ साली अट घातली ती लष्करी टेस्ट पायलटची, म्हणजे नव्या विमानांची चाचणी घेणाऱ्या वैमानिकाची: जेटचा अनुभव, १५०० तास उड्डाण, अभियांत्रिकीची पदवी किंवा समकक्ष शिक्षण. स्त्रियांना लष्करात ते पदच मिळत नसे, मग वेगळी बंदी घालायची गरज काय? अमेरिकी अंतराळवीरांना तपासणारे डॉ. लव्हलेस यांच्या वैद्यकीय तपासण्यांत १३ महिला वैमानिक उत्तीर्ण झाल्या, पण १९६१ साली नौदलाच्या पेन्साकोला तळावरच्या पुढच्या चाचण्याच रद्द झाल्या. गंमत म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला अमेरिकी जॉन ग्लेन याच्याकडेही निवडीच्या वेळी पदवी नव्हती. तिथे मात्र 'समकक्ष' हा शब्द उपयोगी पडला.

अमेरिकेच्या स्पेस शटल यानात प्रयोग आणि इतर कामं सांभाळणारं 'मिशन स्पेशालिस्ट' हे पद आलं आणि वैमानिकीची सक्ती गेली. १९७८ साली निवडलेल्या ३५ जणांत ६ महिला होत्या, त्यात दोघी डॉक्टर. कर्नालची कल्पना चावला १९९४ साली निवडली गेली ती एरोस्पेसमधल्या पीएचडीच्या जोरावर. तरी साधनसामग्री मागेच राहिली. मार्च २०१९ मध्ये मध्यम मापाचे दोन स्पेससूट हवे होते आणि वेळेत एकच तयार होता, म्हणून दोघींचा ठरलेला स्पेसवॉक बदलावा लागला.

गगनयान या भारताच्या मानवी अंतराळमोहिमेसाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे टेस्ट पायलट. लढाऊ विमानांवर महिला आल्या २०१६ साली आणि टेस्ट पायलट व्हायला त्यापुढे अनेक वर्षांचं उड्डाण लागतं. त्या यादीत बाई का नाही, हे इथेच कळतं.

सोलापुरातल्या मुलीचा रस्ता अडतो तो बराच आधी, अकरावीला 'मेडिकलच करायचंय' म्हणून गणित सोडताना. एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) मुलींना २०२२ पासून खुली झाली, पण हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही लागतात. पदवीनंतर अफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून उड्डाण शाखेत जायचं तरी बारावीच्या या दोन्ही विषयांत किमान ५०-५० टक्के मागतात.