मोटर न्यूरॉन डिसीज आणि खेळाडू: हा संशय आला कुठून

ऑक्टोबर २०२५ मध्ये लुईस मूडीची बातमी आली आणि शिवाजी पार्कला सकाळी पळणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर तोच विषय सुरू झाला. मूडी म्हणजे २००३ चा रग्बी वर्ल्डकप जिंकलेल्या इंग्लंडच्या टीममधला, वय ४७, आणि त्याला मोटर न्यूरॉन डिसीज. आता रग्बी आपल्याकडे कोण बघतं, आझाद मैदानाच्या कडेने जाताना बॉम्बे जिमखान्यावर चिखलात लोळणारी पोरं दिसतात तेवढीच ओळख, पण लोकांना प्रश्न रग्बीचा पडलेलाच नव्हता. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची तयारी चालू होती त्यामुळे प्रश्न सरळ होता, जास्त व्यायाम केला की हे होतं का? एका काकांनी तर "म्हणून सांगतो चाला, धावू नका" असा निकालही देऊन टाकला. निकाल इतका सोपा नाहीये, आणि हा संशय काही मूडीपासून सुरू झालेला नाही, त्याला ऐंशीच्या वर वर्षं झाली.

आधी आजार काय ते थोडक्यात. मेंदूकडून स्नायूंपर्यंत हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात. सुरुवात अगदी फालतू वाटणाऱ्या गोष्टीने होते, शर्टचं बटण लागत नाही, लॅचमध्ये चावी फिरवताना अंगठ्यात जोर येत नाही, दंडावर कातडीखाली काहीतरी फडफडतंय असं वाटतं. मग हातपाय, बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास. बहुतेकांची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत असते, हे जास्त वाईट. निदानानंतर बरेच जण दोन-तीन वर्षांत जातात, स्टीफन हॉकिंग १९६३ पासून २०१८ पर्यंत जगला तो अपवाद. पॅरिसच्या शार्को नावाच्या डॉक्टरने १८६९ मध्ये याचं नीट वर्णन केलं. आणि ब्रिटनचा एक आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल: आयुष्यभरात साधारण ३०० माणसांत एकाला हा आजार होतो.

अमेरिकेत याचं नावच एका खेळाडूवरून पडलं, लू गेहरिग. न्यूयॉर्क यांकीजचा बेसबॉलपटू, १९२५ ते १९३९ एकही मॅच न चुकवता सलग २,१३० मॅच खेळला. १९३९ च्या सीझनला बॅटमधून काही निघेना, पळताना पाय उचलेनात. असं सांगतात की त्याने एक अगदी साधा चेंडू अडवून बाद केलं आणि टीममधले लोक जवळ येऊन शाबासकी द्यायला लागले, तेव्हा त्याला कळलं की आपलं काहीतरी फार बिघडलंय. २ मे ला त्याने स्वतःहून नाव काढायला सांगितलं, जूनमध्ये ३६ व्या वाढदिवशी मेयो क्लिनिकमध्ये निदान झालं, आणि दोन वर्षांत गेला. याच गेहरिगच्या १९३४ मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात डोक्यात चेंडू बसला होता, बेशुद्ध पडला, हेल्मेट नव्हतीच तेव्हा, आणि दुसऱ्या दिवशी साहेब परत मैदानात. तेव्हा या दोन गोष्टी कोणी जोडल्या नाहीत. २०१० मध्ये बोस्टनच्या ॲन मॅकी आणि मंडळींनी डोक्याला वारंवार मार बसलेल्या काही मृत खेळाडूंचे मेंदू आणि मज्जारज्जू तपासले, त्यात या आजारात सापडतं तसं बिघडलेलं प्रोटीन दिसलं, आणि मग लगेच चर्चा सुरू की गेहरिगचंही असंच असेल का. त्याचं दहन झालं होतं, त्यामुळे तो विषय तिथेच संपतो.

मधल्या काळात संशय भलतीकडेच फिरत होता. १९६४ च्या सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल टीममधल्या तिघांना हा आजार झाला हे १९८० च्या दशकात उघड झालं. एकाच टीममध्ये तिघे म्हटल्यावर लोकांनी मैदानाकडेच बोट दाखवलं, कारण तिथे मिलवॉकी शहराच्या सांडपाण्याच्या गाळापासून बनवलेलं खत टाकायचे. खतावर काही सिद्ध झालं नाही. पण 'मैदानात काहीतरी आहे' ही कल्पना लोकांच्या डोक्यातून गेली नाही ती नाहीच.

मग इटली, माझ्या मते सगळ्या गोष्टीतला सगळ्यात रंगतदार भाग हाच. १९९८ मध्ये झेमान नावाच्या कोचने फुटबॉलमधल्या औषधांबद्दल जाहीरपणे तोंड उघडलं आणि ट्युरिनचा सरकारी वकील ग्वारिनिएल्लो चौकशीला लागला. शोधायला गेला डोपिंग, पण जुन्या खेळाडूंच्या मृत्यूंकडे बघता बघता हा दुर्मिळ आजार वारंवार समोर यायला लागला. जेनोआचा कॅप्टन सिन्योरिनी २००२ मध्ये ४२ व्या वर्षी गेला. पुढे फिओरेंतिना आणि मिलानकडून खेळलेला बोर्गोनोव्हो, त्याने २००८ मध्ये स्वतःच जगासमोर येऊन सांगितलं, तो या आजाराला चक्क शिवीनेच हाक मारायचा, २०१३ मध्ये गेला. ट्युरिनच्याच किओ या न्यूरॉलॉजिस्टने १९७० ते २००१ मधल्या ७,३२५ व्यावसायिक फुटबॉलपटूंचा हिशोब मांडला. एवढ्या लोकांत एखादी केस सापडणंही जास्तच, अपेक्षित आकडा ०.७७, आणि सापडल्या पाच. म्हणजे साडेसहा पट. जे पाच वर्षांपेक्षा जास्त खेळले त्यांना धोका जास्त, आणि त्रास कमी वयात सुरू झालेला.

आता कारण काय? यादी लांबलचक झाली: डोपिंग, दुखणं दाबायच्या गोळ्या, गवतावरची कीटकनाशकं, हेडिंग म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, पायाला होणाऱ्या दुखापती, नुसता अतिश्रम. २००९ मध्ये त्याच लोकांनी बास्केटबॉलपटू आणि सायकलपटूही तपासले तर तिथे जास्तीचा धोका दिसलाच नाही. हे फार बोलकं आहे राव, डोपिंगसाठी सगळ्यात बदनाम खेळ सायकलिंग, घाम गाळण्यातही त्यांचा हात कोण धरणार, आणि तेच सुटले. म्हणजे औषधं आणि दमणं या दोन्ही थिअरींना तिथे बऱ्यापैकी धक्का बसला, उरलं गवत आणि डोकं.

डोक्याकडे पारडं झुकलं ते अमेरिकेत. २०१२ मध्ये तिथल्या सरकारी संशोधकांनी एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, पेन्शन फंडाची यादी घेतली, किमान पाच सीझन खेळलेले ३,४३९ जण, आणि त्यांच्यात या आजाराने मरण्याचं प्रमाण सामान्य लोकांच्या चौपट निघालं. २०२१ मध्ये १९,४२३ खेळाडूंचा मोठा अभ्यास आला, ३८ जणांना आजार, प्रमाण साडेतीन पटीच्या वर, आणि आजार झालेल्यांची कारकीर्द सरासरी सात वर्षांची तर न झालेल्यांची साडेचार. जितका जास्त खेळ तितकी जास्त धडक, असं याचं वाचन झालं. स्कॉटलंडमध्ये विली स्टुअर्ट या संशोधकाने २०१९ मध्ये ७,६७६ माजी फुटबॉलपटू आणि तिप्पट सामान्य लोक यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तिथेही मोटर न्यूरॉनचं प्रमाण चौपटीच्या वर. मग २०२२ मध्ये त्यानेच स्कॉटलंडचे ४१२ आंतरराष्ट्रीय रग्बीपटू तपासले आणि आकडा आला १५ पट. तोपर्यंत दक्षिण आफ्रिकेचा १९९५ च्या रग्बी वर्ल्डकपचा हिरो योस्ट फान डर वेस्टहायझन २०१७ मध्ये ४५ व्या वर्षी गेला होता, स्कॉटलंडचा डॉडी वीअर आजारी होता, लीड्सचा रॉब बरो व्हीलचेअरवर होता, त्यामुळे १५ पट ही हेडलाइन जगभर गेली.

इथे जरा थांबायला हवं. ४१२ लोकांत मोजक्याच केसेस, एखादी इकडची तिकडे झाली तरी तो १५ चा आकडा धाडकन बदलतो. आणि तो ३०० मध्ये एक वाला आकडा आठवा, त्याची चौपट केली तरी ७५ खेळाडूंमधल्या ७४ जणांना हा आजार होतच नाही. 'चौपट' ऐकून ज्याची छाती धडधडते त्याने हे आधी वाचावं.

आता धावणाऱ्यांचा मुद्दा. स्वीडनमध्ये व्हासालोपेट म्हणून ९० किलोमीटरची स्कीइंगची रेस असते, डोक्याला मार लागायचा फारसा प्रश्न नाही. दोन लाखांवर स्पर्धकांच्या टायमिंगवरून बघितलं तर सगळ्यात वेगवान लोकांत हा आजार चौपटीने जास्त, आणि मागे रमतगमत येणाऱ्यांमध्ये स्की न करणाऱ्यांपेक्षाही कमी! म्हणजे आमच्या ग्रुपमधल्या जवळपास सगळ्यांनी निश्चिंत असावं, स्पीड बघता. (ग्रुपवर हे लिहिलं तर कोणाला आवडलं नाही.) शेफील्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये जीन्सचा धागा जोडला: सी नाइन ओआरएफ ७२ नावाचा एक जीन २०११ मध्ये सापडला होता, त्यात बिघाड असलेल्यांमध्ये जोरदार व्यायाम करणाऱ्यांना आजार लवकर गाठतो असं त्यांना दिसलं. पण घराण्यातून येणाऱ्या केसेस एकूणात साधारण दहा टक्केच. उलटाही एक तर्क आहे आणि मला तो टाळता येत नाही, की सडपातळ, चपळ शरीर देणारी जडणघडणच आजाराचीही शक्यता वाढवत असेल, म्हणजे खेळामुळे आजार नाही, तर दोघांची आई एकच. सिगारेट, सैन्यातली नोकरी, कीटकनाशकं हे संशयित तर खेळाबाहेरही आहेतच. आज एकच कारण ठामपणे सांगणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

तरी नियम बदलायला लागलेत. स्कॉटलंडने २०२२ मध्ये ठरवलं की व्यावसायिक फुटबॉलपटूंनी मॅचच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला हेडिंग करायचं नाही. क्रिकेटमध्ये २०१९ पासून डोक्याला लागलं तर बदली खेळाडू मिळतो. १९६२ मध्ये बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यात चेंडू बसला तेव्हा असलं काही कुणाच्या मनातही नव्हतं.

आपल्याकडे मोटर न्यूरॉनच्या इतिहासात मद्रासचं नाव आहे, दक्षिणेत तरुण पोरांमध्ये दिसणारा, ऐकू कमी येणारा एक वेगळाच प्रकार १९७० च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी नोंदवला, पण त्याचा खेळाशी संबंध नाही. लालबाग-परळच्या कबड्डीवाल्यांचं काय, डोक्यावर डोकं आपटणं तिथे रोजचंच? वरचे सगळे अभ्यास नीट बघितले तर प्रत्येकाच्या मुळाशी कोणीतरी जपून ठेवलेली यादी आहे, पेन्शनची, क्लबची, रेसच्या टायमिंगची. कूपरेजवर फुटबॉलमध्ये धमाल करणाऱ्या मफतलाल, ऑर्के मिल्सच्या टीम कधीच्याच बंद झाल्या, त्यांची यादी कोण देणार. रेल्वेत आणि बँकांत स्पोर्ट्स कोट्यातून लागलेल्या खेळाडूंची पेन्शनची फाइल मात्र कुठल्यातरी ऑफिसात असणार, म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. उरलेलं अर्धं मृत्यूच्या दाखल्यावर अवलंबून, आणि तिथे घाईघाईत नुसतं 'श्वास बंद पडल्याने' लिहिलेलं असेल तर पुढे मोजायचं काय.