नागिणीचं तोंड, शेपटी आणि खरं कारण

गोव्यात पेडणे असो वा काणकोण, नागीण (अंगावर पट्ट्यासारखं उठणारं फोडांचं पुरळ) उठली की घरात एकच धास्ती: तोंड-शेपटी कमरेभोवती जुळली तर माणूस जातो. हे साफ खोटं आहे. पूर्वी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षं दडून असतो. प्रतिकारशक्ती घटली की एका मज्जातंतूवाटे त्वचेवर उतरतो. तो मज्जातंतू एकाच बाजूचा, म्हणून पुरळ बहुधा मध्यरेषेवर थांबतं.

बाधित पेशी एरवी विषाणूचे तुकडे एमएचसी-१ या पेशीच्या पृष्ठभागावरच्या रेणूवर ठेवून टी-पेशींना (बाधित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना) दाखवते; हा विषाणू तो रेणू पेशीच्या आतच, गॉल्जीत (प्रथिनं बाहेर पाठवणाऱ्या भागात) अडवतो, म्हणून प्रतिकारशक्तीच्या नजरेतून निसटतो.

लेपात वेळ घालवू नका, कृपा करून! पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडून औषध सुरू करा: प्रौढांना सहसा अ‍ॅसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस, मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर त्याच दिवशी डोळे तपासून घ्या.