फॉर लूप एक आकडा खातो का?

“सर, कम्प्युटर एक आकडा खाते!” दारव्हा असो की अंजनगाव, तालुक्याच्या गावातल्या कम्प्युटर क्लासमध्ये फॉर लूप, म्हणजे तेच काम फेऱ्या मारत पुन्हा पुन्हा करून घेणारी आज्ञा, शिकवायला घेतला की हे वाक्य ऐकू येणारच. पोरानं पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं असतं ‘फॉर आय इन रेंज(१, १०)’ आणि खाली ‘प्रिंट(आय)’. पडद्यावर १ ते ९ उमटतात, दहा येतच नाही. मग कोणी व्हायरस म्हणतं, कोणी मशीन जुनी म्हणतं. खंडेनवमीला सीपीयूला हळद-कुंकू लावायला माझी ना नाही, पण त्यानं दहा परत येत नाही. मशीननं सांगितलं तेवढंच केलेलं असतं: एकपासून सुरू कर, दहा आला की थांब.

हा नियम असा का, हे शेताच्या कुंपणावरून पटकन कळतं. रानडुकरं आणि रोह्यांनी जीव नकोसा केला म्हणून तुम्ही चौकोनी शेताला तार ओढताय. प्रत्येक धुरा, म्हणजे शेताची एक कड, १०० फूट, दर १० फुटांवर एक खांब. एका धुऱ्याचे खांब मोजले तर ११ भरतात. चार धुरे म्हणून ४४ खांब आणले, तर ४ उरतील. कोपऱ्यातला खांब दोन्ही धुऱ्यांनी आपापल्या हिशेबात धरलेला असतो ना! त्यापेक्षा ठरवून टाका, की धुरा जिथं सुरू होतो तो खांब त्याचा आणि जिथं संपतो तो पुढच्याचा. मग प्रत्येकाच्या वाट्याला १० येतात आणि बेरीज बरोबर ४० होते.

रेंज हेच करते. रेंज(१, १०) जिथं थांबते तिथूनच रेंज(१०, २०) सुरू होते. एकही आकडा दोनदा येत नाही, एकही सुटत नाही. फेऱ्या किती, तर दहातून एक वजा, म्हणजे नऊ. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये एका छोट्या टिपणात हीच बाजू मांडली होती: सुरुवात धरा, शेवट सोडा, आणि मोजणी शून्यापासून करा. सगळ्या भाषा मात्र असं करत नाहीत. १९५७ च्या फोर्ट्रानच्या लूपमध्ये शेवटचा आकडाही धरला जाई.

आता माझ्या आवडीचा भाग. फॉर लूप आधी सगळे आकडे गोळा करून बसत नाही. प्रत्येक फेरीच्या तोंडाशी तो एकच विचारतो, “पुढचा कोण?” उत्तर मिळालं की ते ‘आय’मध्ये ठेवतो आणि आतल्या ओळी चालवतो. म्हणूनच फेरीच्या मधे तुम्ही ‘आय’मध्ये पाच मिळवले तरी पायथनला फरक पडत नाही, पुढच्या फेरीत तो जुन्या किमतीवर नवी किंमत लिहितो. सी भाषेत मात्र तेवढ्यानं फेऱ्या उड्या मारायला लागतात.

यादीवर लूप चालवला तर “पुढचा कोण?” याचं उत्तर जागेच्या क्रमांकावरून ठरतं, आणि इथं चांगले चांगले फसतात. समजा कापसाच्या ओलाव्याची यादी आहे: ९, १४, १५, ११. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत १२ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो, म्हणून लूपच्या आतच सांगितलं, की बाराच्या वरचा आकडा यादीतून काढ. जागा शून्यावर ९, तो राहिला. जागा एकवर १४, तो काढला. काढताक्षणी मागचे आकडे एकेक घर पुढं सरकले आणि १५ जागा एकवर आला. पण लूपचा एक नंबर तपासून झालाय. तो जागा दोनवर जातो, तिथं ११ दिसतो, यादी संपते. १५ ला कोणी हटकलंच नाही! उरतं ९, १५, ११. पडद्यावर चुकीचा एक शब्द उमटत नाही, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लपून राहू शकते. दोन ओले आकडे शेजारी-शेजारी आले तरच ती दिसते.

यादीची नक्कल काढून लूप नक्कलेवर चालवला आणि आकडे मूळ यादीतून काढले, तर काम भागतं. मी मात्र काही काढतच नाही. बारापर्यंतचे आकडे वेगळ्या नव्या यादीत टाकतो. मूळ यादी शाबूत राहते आणि कोणाचा कापूस का परत गेला, हे संध्याकाळी पुन्हा पाहता येतं.