विकासाच्या अंगाने इंजिनिअरिंगचं पदव्युत्तर शिक्षण (कोकण)

बीई, बीटेक झाल्यावर पुढे जे एमटेक करतात त्यातलाच हा एक प्रकार, फक्त यात डिझाइन आणि गणिताच्या जोडीला गाव, पाणी, शेतमाल, सरकारी योजना आणि परदेशातला बाजार हेही अभ्यासाला असतं. सुरुवात जुनी आहे. अर्थतज्ज्ञ शूमाखर यांनी १९६६ला लंडनमध्ये गरीब देशांना परवडेल अशा तंत्रज्ञानासाठी गट काढला, आपल्याकडे १९७४ला बंगळुरूच्या आयआयएससीत अमूल्य रेड्डींनी गावांना उपयोगी तंत्रज्ञानासाठी 'अस्त्र' हा उपक्रम सुरू केला, आणि १९८५ला आयआयटी मुंबईत 'सितारा' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र उभं राहिलं. तिथला 'तंत्रज्ञान आणि विकास' हा एमटेक २००७पासून चालतो, त्यात पोरांना काही आठवडे गावात राहून काम करावंच लागतं. कर्जत तालुक्यातल्या पाणीपुरवठ्यावर या केंद्राने बरंच काम केलंय.

आता कोकणात पाण्याचा अभ्यास कशाला असं वाटेल, कारण वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. पण पडतो तो चार महिन्यांत, इथला जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र, पाणी पऱ्यातून खाडीला जातं आणि एप्रिल-मेमध्ये वाडीवर टँकर येतो. नळपाणी योजना कागदावर असतेच. विहीर खाली नदीकाठी, वाडी वर डोंगरात, मग तेवढं पाणी चढवायचं म्हणजे वीजबिल तगडं, ग्रामपंचायतीची पाणीपट्टी वसूल होत नाही, बिल थकतं, पंप बंद. पाइपाचा व्यास काढणं बीईलाच शिकवतात, पण कुठली वाडी कोणत्या उंचीवर, बिल कोण भरणार, पंप बिघडला तर दुरुस्ती कोण करणार, हे तिथे कोणी शिकवत नाही, आणि खरं सांगायचं तर योजना बंद पडते ती बहुतेक वेळा इथेच.

अभ्यासातला परदेशी बाजाराचा, म्हणजे जागतिकीकरणाचा भाग कोकणात हापूसवरून समजतो. अमेरिकेने २००७ला भारतीय आंब्याला दार उघडलं ते विकिरण करून (किरणांनी कीड निकामी करून) पाठवायच्या अटीवर, जपानला वाफेची प्रक्रिया लागते, आणि युरोपने २०१४ला फळमाशी सापडली म्हणून बंदीच घातली, ती २०१५ला उठली. म्हणजे देवगडच्या बागायतदाराने पेटी कशी भरायची हे टोकियोत ठरतं! त्यात साका हा हापूसमधला दोष, बाहेरून फळ देखणं, कापलं की आत पांढरट स्पंजासारखं, आणि कापल्याशिवाय कळत नाही. फळ न कापता साका ओळखायचा हा चांगल्यातला प्रबंधाचा विषय आहे.

कोकणात लोणेरेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९पासून आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२चं, तिथे कृषी अभियांत्रिकीत एमटेक होतं, मृद व जलसंधारण वगैरे. नाव 'विकास' नसलं तरी काम तेच, तिथला दगड आणि प्लास्टिकच्या कागदाचा कोकण विजय बंधारा आणि कलमांना पाणी द्यायचं जलकुंड शेतकऱ्याला स्वतः करता येतं.

प्रवेशाला आयआयटीत गेट ही परीक्षा लागते. गेट पास होऊन मान्यताप्राप्त कॉलेजात एमटेकला गेलं तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन बरीच वर्षं मिळत आलंय. नोकऱ्या एनजीओ, सरकारी मिशन, सीएसआर (कंपन्यांचं सामाजिक काम), सल्लागार कंपन्या अशा, पगार सॉफ्टवेअरएवढा नाही, त्यामुळे घरचे आधी विचारतात की मग एमटेक कशाला.