गजकर्ण, खरूज व इसब (बडोदे)

खाज हे समान लक्षण असलेले त्वचेचे तीन नेहमी आढळणारे विकार. गजकर्ण (नायटा) बुरशीमुळे होते, खरूज सूक्ष्म किडीमुळे, तर इसब हा दाह असून तो संसर्गजन्य नाही. बडोद्यात या नावांवर गुजरातीची छाया पडते. गुजरातीत गजकर्णाला ‘दादर’ (हाच शब्द जिन्यालाही चालतो), खरजेला ‘खस’ आणि इसबाला ‘खरजवुं’ म्हणतात. त्यामुळे मराठी माणसाने सांगितलेली खरूज गुजराती दुकानदाराला इसब वाटू शकते; उलटही घडते.

‘खरूज’ व ‘खरजवुं’ ही दोन्ही रूपे संस्कृत ‘खर्जू’ (खाज) या शब्दाशी जोडली जातात. मूळ एकच असून अर्थ पुढे फाटले असावेत. ‘दादर’ हा संस्कृत ‘दद्रु’चा (गजकर्ण) वंशज, यात फारसा वाद नाही. ‘गजकर्ण’ मात्र घोटाळ्याचे आहे. कडा उचललेला, पसरत जाणारा चट्टा हत्तीच्या कानासारखा दिसतो म्हणून हे नाव, अशी एक उपपत्ती. गजकर्णी या झुडपाचे मूळ त्यावर लावत म्हणून रोगाला झुडपाचे नाव मिळाले, अशी दुसरी कल्पना करता येते. टाकळ्याला संस्कृतात ‘दद्रुघ्न’ म्हणतात, म्हणजे तिथे रोगावरून वनस्पतीला नाव मिळाले आहे. तो दाखला पाहता पहिली उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. दद्रूच्या वर्गीकरणातही एकमत नाही: चरकसंहितेत ते क्षुद्रकुष्ठांत (सौम्य त्वचाविकारांच्या गटात), तर सुश्रुतसंहितेत महाकुष्ठांत (गंभीर गटात) येते. चरकातील वर्णन (खाज, लाली, पुटकुळ्या, उठलेले मंडल) आजच्या गजकर्णाशी जुळते. सुश्रुतातील जवसाच्या फुलाच्या किंवा तांब्याच्या रंगाचे, पसरणारे दद्रू तेच असेल असे ठामपणे म्हणवत नाही.

गजकर्णाचा चट्टा कडेला लाल, खवलेदार व मध्यभागी निवळलेला असतो. जांघ, कंबर व काखेत, पावसाळ्यात आणि घामात तो वाढतो. खरजेची खाज रात्री बळावते, बोटांच्या बेचक्यांत व मनगटावर बारीक पुटकुळ्या येतात आणि बहुधा घरातील इतरांनाही खाज सुटते. पहिल्या लागणीत ती तीन ते सहा आठवड्यांनी सुरू होते. ही कीड बोनोमो व चेस्तोनी यांनी १६८७ मध्ये वर्णिली. इसबात त्वचा कोरडी, कधी ओलसर, विकार जुना झाल्यास जाड होते.

खरजेवर ५ टक्के परमेथ्रिन (कीडनाशक मलम) मानेखाली सर्वांगाला लावून आठ ते चौदा तास ठेवतात व सुमारे आठवड्याने पुन्हा लावतात. खाज नसली तरी घरातील सर्वांनी एकाच वेळी ते लावायचे असते. इसबावर स्निग्ध मलम व वैद्यकीय देखरेखीखाली स्टेरॉइड चालते. तेच स्टेरॉइड गजकर्णावर लावले तर खाज तात्पुरती थांबते, कडा पुसट होते आणि बुरशी आत पसरत राहते. नावांचा घोळ महाग पडतो तो इथे. गजकर्णावर बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेबाहेरही लावावे लागते. पसरलेल्या विकारात पोटातून औषध देतात. टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाला दाद न देणारी बुरशी भारतात आढळू लागली असून तिला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव मिळाले. निदान शंकास्पद असल्यास खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

घरगुती उपायांत टाकळ्याचे (गुजराती: कुवाडियो) बी आंबट ताकात वाटून लावण्याची प्रथा आहे. भेगाळलेल्या किंवा ओल्या त्वचेवर हा लेप झोंबतो.