बेळगावचा ‘शून्य कचरा’ आणि तुरमुरी : पार्श्वभूमी

बेळगावच्या कचऱ्याची चर्चा कुठूनही सुरू झाली तरी तुरमुरीपाशी येऊन थांबते. वेंगुर्ला रोडवरचे हे गाव महापालिकेच्या हद्दीत नाही. तिथल्या लोकांना महापालिकेत मत नाही, त्यांचा नगरसेवक नाही. शहराचा कचरा मात्र त्यांच्या शिवारात उतरतो. महापालिकेने दिलेली ‘कचरामुक्त शहर’ ही हमी समजून घ्यायची असेल तर सुरुवात या गावापासून करावी लागते.

जुना काळ थोडक्यात सांगण्यासारखा आहे. मुंबई इलाख्यातल्या नगरपालिका झाडलोट आणि मैला शहराबाहेरच्या खड्ड्यांत थरावर थर रचून कुजवत आणि तयार खत शेतकऱ्यांना विकत. १९३९ च्या सुमारास बंगळूरमध्ये या पद्धतीला शास्त्रशुद्ध रूप मिळाले आणि ती देशभर पसरली. ‘खत डेपो’ हा शब्द त्या काळातला. तेव्हा कचरा म्हणजे राख, पालापाचोळा, भाजीचे देठ आणि शेण. त्याला गिऱ्हाईक होते. प्लास्टिकच्या पिशव्या घरोघरी आल्या आणि हे गिऱ्हाईक तुटले. काच आणि प्लास्टिक असलेले खत कुठलाही शेतकरी भातात टाकणार नाही. डेपो राहिले, खत बनणे थांबले.

पुढचे वळण न्यायालयातून आले. १९९६ मध्ये बंगळूरच्या एका अभियंता महिलेने देशातल्या शहरांच्या कचऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. १९९८ मध्ये समिती नेमली गेली, १९९९ मध्ये तिचा अहवाल आला आणि २००० मध्ये केंद्राने पहिले नियम काढले. त्यात तारखा होत्या: जुन्या भरावाच्या, म्हणजे कचरा पुरण्याच्या, जागा २००१ अखेर सुधारायच्या, नव्या जागा २००२ अखेर निवडायच्या, प्रक्रिया केंद्रे २००३ अखेर उभी करायची. नवी जागा २० ते २५ वर्षे पुरेल एवढी मोठी आणि लोकवस्तीपासून दूर हवी, असेही लिहिले होते.

तुरमुरीचा निर्णय याच चौकटीतून निघाला आणि त्यावर थोडे थांबायलाच हवे. तारखा डोक्यावर असताना शहरांसमोर दोन वाटा होत्या. पहिली म्हणजे प्रत्येक वॉर्डात लहान खड्डे, लहान शेड आणि सुक्या कचऱ्याचे केंद्र. त्यासाठी वॉर्डावॉर्डात शेजाऱ्यांची समजूत काढावी लागते, रोज देखरेख करावी लागते. दुसरी म्हणजे गावाबाहेर एक मोठी जागा, एक खासगी ठेकेदार आणि गाड्यांच्या फेऱ्या. दुसरी वाट कागदावर सोपी दिसते. बेळगावने तीच धरली आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात तुरमुरीला प्रक्रिया केंद्र सुरू झाले.

हा निर्णय चुकीचा होता असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे कारण केवळ दुर्गंधी नाही. अशा करारांत ठेकेदाराला सहसा टनावर पैसे मिळतात. गेटवरच्या काट्यावर गाडी चढते, वजन होते, पावती फाटते. जितका कचरा जास्त तितके बिल मोठे. घरी कचरा कमी झाला, वॉर्डातच खत झाले, तर कराराच्या हिशेबात कुणाचाच फायदा होत नाही. कचरा कमी करायचा तर आधी हा काटा आड येतो. भविष्यात ‘शून्य’ गाठायचे स्वप्न पाहणाऱ्या शहराने आपले पैसे वजन वाढण्यावर लावले.

शिवाय पाऊस. बेळगावात जून ते सप्टेंबर जे पडते ते सगळ्यांना माहीत आहे. उघड्यावर रांगा घालून, ठराविक दिवसांनी उलटून खत करण्याची पद्धत कोरड्या मुलखात चालते. इथे जुलैत ढीग भिजतात, आतली हवा संपते, कुजण्याऐवजी सडणे सुरू होते आणि काळे पाणी झिरपते. गाडीत ओला-सुका एकत्र आला असेल तर चाळणीवर पिशव्यांच्या चिंध्या अडकतात. शहर कंपोस्टचा ९० टक्के भाग ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जायला हवा, असा खताचा नियम आहे. दुधाच्या पिशवीचा कापून टाकलेला कोपरा बोटाच्या पेरापेक्षा लहान असतो. तो चाळणीत कधी वर राहतो, कधी खाली उतरतो आणि खताच्या पोत्यात जाऊन बसतो. वर राहिलेला माल भरावाच्या खड्ड्यात जातो.

गावकऱ्यांच्या तक्रारी याच्याच आहेत: वास, माश्या, मोकाट कुत्री, पावसात वाहून येणारे पाणी. त्यांना ‘विरोधक’ म्हणणे सोपे आहे. पण शहरातल्या टिळकवाडीत किंवा शहापुरात अशी शेड उभी करायची म्हटले असते तर पहिल्याच आठवड्यात मोर्चा निघाला असता आणि तो कुणी चुकीचा ठरवला नसता.

जगात याच काळात दुसरा प्रवाह सुरू झाला होता. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेराने २०१० पर्यंत कचरा शून्य करण्याचे जाहीर केले. ते मुदतीत साधले नाही, पण कल्पना रुजली. ऑगस्ट २०१८ मध्ये २३ शहरे आणि प्रदेशांनी एकत्र घोषणा केली. त्यात २०१५ च्या तुलनेत २०३० पर्यंत दरडोई कचरा १५ टक्क्यांनी कमी करणे, भराव आणि जाळण्याकडे जाणारा कचरा निम्म्यावर आणणे आणि किमान ७० टक्के कचरा तिथून वळवणे, अशी तीन वचने होती. भारतातले एकही शहर त्या पहिल्या यादीत नव्हते. यातले पहिले वचन सर्वांत महत्त्वाचे, कारण ते कचरा निर्माणच कमी होण्याबद्दल आहे.

आपल्याकडचे नियम तिथे पोचले नाहीत. २०१६ च्या नियमांत घरातच ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करायला सांगितले, भरावात फक्त निरुपयोगी, न कुजणारा, न जळणारा अवशेष जावा असे म्हटले आणि अवशेषही पुन्हा वापरून भरावाकडे शून्य कचरा जाण्याचा प्रयत्न करावा, अशी इच्छा नोंदवली. प्रति किलो १५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्णता देणारा, पुनर्वापर न होणारा कचरा पुरू नये, तो सिमेंटच्या भट्ट्यांसारख्या ठिकाणी न्यावा, असेही त्यात होते. म्हणजे शून्य मोजायचे ते खड्ड्याच्या तोंडाशी. घरातून किती निघाले, हा प्रश्न जवळजवळ बाजूलाच राहिला. १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात सर्व शहरांना ‘कचरामुक्त’ करण्याचे आणि जुने ढीग उपसून जमीन मोकळी करण्याचे लक्ष्य आले. बेळगावची हमी ही त्याच साच्यातली आहे.

आता एक गोष्ट जी बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. या शहरात अनेक महत्त्वाच्या टप्प्यांवर निवडून आलेले सभागृह जागेवर नव्हते. सीमाप्रश्नाच्या ठरावावरून २००५ मध्ये महापालिका बरखास्त झाली, २०११ मध्ये पुन्हा झाली. त्यानंतरच्या सभागृहाची मुदत २०१९ मध्ये संपली, निवडणूक झाली ३ सप्टेंबर २०२१ ला, आणि महापौर निवडले गेले ते फेब्रुवारी २०२३ मध्ये. दुसऱ्या टप्प्याची लक्ष्ये याच पोकळीत स्वीकारली गेली. प्रशासक कागद वेळेवर पाठवतो, पण ५८ वॉर्डांत ‘तुमच्या गल्लीत खताची शेड होणार’ हे पटवून देण्याचे काम त्याच्या हातून होत नाही. त्याला नगरसेवक लागतो, जो संध्याकाळी कट्ट्यावर बसून ऐकून घेतो.

सूचनांची भाषा हीसुद्धा याचाच भाग आहे. वर्गीकरणाची पत्रके आणि गाड्यांवरचे फलक बहुतेक कन्नडमध्ये असतात. ज्या गावात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांपेक्षा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे १९५६ पासूनचे आश्वासन आहे. घातक कचरा म्हणजे ट्यूबलाइट, बॅटरी, जुनी औषधे हे खासबागेतल्या आजीला मराठीत सांगितले तर तिचा डबा वेगळा होईल. पौरकार्मिकांना, म्हणजे सफाई कामगारांना, गल्लीत रोज हेच तोंडी सांगावे लागते, आणि ते सांगतातही.

हद्दीचा गुंता वेगळाच. कॅम्पचा, म्हणजे लष्करी छावणीच्या भागाचा, कारभार महापालिकेकडे नाही. हिंडलगा, कंग्राळी, बेनकनहळ्ळी या ग्रामपंचायती शहराला चिकटून वाढल्या. तिथल्या नव्या कॉलन्यांतला कचरा रस्त्याकडेला, ओढ्यात, मार्कंडेय नदीच्या काठाला दिसतो, पण शहराच्या आकड्यात येत नाही. बळ्ळारी नाल्यात वाहून गेलेले प्लास्टिकही कुठल्या काट्यावर चढत नाही; शहापूर-वडगावच्या शिवारात पूर ओसरला की ते भाताच्या चिखलात सापडते.

त्याच वेंगुर्ला रोडच्या दुसऱ्या टोकाला काय झाले, तेही सांगायला हवे. वेंगुर्ला नगरपरिषदेने एका मुख्याधिकाऱ्याच्या काळात कचरा घरापासूनच अनेक प्रकारांत वेगळा करून घेतला, ओल्यापासून गॅस केला, प्लास्टिक रस्त्यात वापरले आणि जुन्या डंपिंगच्या जागेवर बाग उभी केली. गाव लहान आहे, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास. बेळगाव त्याच्या चाळीसपट. पण बेळगावचा सरासरी एक वॉर्ड वेंगुर्ल्यापेक्षा लहानच आहे. म्हणून ‘आपल्याकडे ते जमणार नाही’ हे कारण मला मान्य नाही.

२००० च्या नियमांतल्या २० ते २५ वर्षांच्या हिशेबाने तुरमुरीचा काळ आता संपत येत आहे. नवी जागा शोधण्याची भाषा सुरू झाली तर ती पुन्हा एखाद्या गावाच्या शिवाराकडेच वळेल. त्याआधी सभागृहाने ठेकेदाराच्या कराराचा आधार बदलून घ्यावा: पैसे गाडी आत येताना झालेल्या वजनावर नको, खड्ड्यात गेलेल्या वजनात दरवर्षी किती घट झाली त्यावर द्यावेत, आणि तो आकडा तुरमुरीच्या ग्रामसभेतही वाचला जावा.