टेल (इंग्रजी क्रियापद) : नेहमीचे शब्दसंयोग

‘सांगणे’ या अर्थाचे रोजच्या वापरातले इंग्रजी क्रियापद. भूतकाळी रूप ‘टोल्ड’. ठरावीक नामांशी त्याच्या जोड्या जमलेल्या आहेत. अशा जोड्यांना भाषाविज्ञानात शब्दसंयोग म्हणतात. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५०च्या दशकात ही संकल्पना रुजवली. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबतीच्या शब्दांवरूनही ठरतो, असे त्यांचे म्हणणे होते.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. विदर्भातल्या खेड्यांतली मुले हे क्रियापद लवकर ऐकतात, पण ते वापरताना अडखळतात. त्याचे कारण बोलीच्या व्याकरणात आहे आणि ते शिकवताना उघड करून सांगायला हवे. वऱ्हाडीत ‘मले सांग’ आणि ‘त्यानं मले म्हटलं’ या दोन्ही वाक्यांत ‘मले’ हे एकच रूप येते. इंग्रजीत मात्र ‘टेल’नंतर माणूस थेट येतो (‘टेल मी’), तर ‘से’नंतर मध्ये ‘टू’ लागतो (‘से टू मी’). म्हणून ‘ही सेड मी’ आणि ‘ही टोल्ड टू मी’ अशी उलटसुलट वाक्ये तयार होतात. मूल इथे आपल्या बोलीचा नियम इमानाने पाळत असते. त्याला निष्काळजी ठरवणे अन्यायाचे आहे.

बोलण्याशी थेट संबंध असलेल्या जोड्यांत ‘टेल अ स्टोरी’, ‘टेल अ जोक’ आणि ‘टेल अ सिक्रेट’ सोप्या, कारण गोष्ट, जोक आणि गुपित आपणही सांगतोच. खोट्याचे तसे नाही. विदर्भात ‘लबाड बोलू नको’ म्हणतात. ते शब्दशः उचलले की ‘स्पीक अ लाय’ होते. इंग्रजीत खोटे ‘टेल’च करतात : ‘टेल अ लाय’. खऱ्याला ‘टेल द ट्रूथ’ आणि ‘स्पीक द ट्रूथ’ दोन्ही चालतात. ‘खरं सांगू काय’ या पालुपदाला ‘टू टेल यू द ट्रूथ’ नेमके बसते. ‘सॉरी’, ‘यस’ आणि प्रार्थना हे शब्द ‘से’च्या वाट्याचे.

‘टेल’चा अधिक मोलाचा भाग बोलण्यापलीकडे आहे. जुन्या इंग्रजीत या धातूचा अर्थ मोजणे असाही होता. जर्मनमध्ये ‘त्सेलेन’ म्हणजे मोजणे आणि ‘एर्त्सेलेन’ म्हणजे कथन करणे, ही त्याच घराण्यातली रूपे. बँकेत पैसे मोजून देणाऱ्याला ‘टेलर’ म्हणतात, ‘ऑल टोल्ड’ म्हणजे सगळे मिळून, आणि आपण जपमाळ ओढतो तिथे जुन्या इंग्रजीच्या वळणाने माळेचे मणी ‘टेल’ करतात. ‘टेल द टाइम’चा अर्थही घड्याळ कळणे असा आहे. ‘कॅन शी टेल द टाइम?’ म्हणजे पोरीला घड्याळ समजते का. किती वाजले हे त्यात विचारलेले नसते.

‘टेल द डिफरन्स’ म्हणजे फरक ओळखणे, ‘टेल अपार्ट’ म्हणजे दोन सारख्या गोष्टी वेगळ्या ओळखणे. दोन वाणांची सरकी शेजारी ठेवली आणि नुसत्या डोळ्यांना काही उमगले नाही, तर ‘आय कान्ट टेल द डिफरन्स’. चेहऱ्यावरून थकवा कळला तर ‘आय कॅन टेल यू आर टायर्ड’. इथे कोणी तोंड उघडलेले नसते, म्हणूनच ‘टेल म्हणजे सांगणे’ एवढेच पाठ केलेला विद्यार्थी गोंधळतो. मराठीत याला एक पक्का आधार आहे : ‘पावसाचं काही सांगता येत नाही’. यातले ‘सांगणे’ ओळखण्याच्या जवळ जाते आणि ‘यू नेव्हर कॅन टेल’ त्याच चालीचे आहे. शिकवायची सुरुवात याच वाक्यापासून करावी.

भविष्याची जोडी ‘टेल द फ्यूचर’ किंवा ‘टेल समवन्स फॉर्च्यून’. यांपैकी दुसरी हात पाहून एकट्याचे भविष्य सांगण्यासाठी. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेला होते आणि दुसऱ्या दिवशी पाऊसपाण्याचे, पिकांचे भाकीत सांगतात. तिथे ‘फॉर्च्यून’ बसणार नाही, ‘फोरटेल’ बसेल.

‘टेल ऑफ’ म्हणजे झापणे, ‘टेल ऑन’ म्हणजे चुगली करणे. गुरुजींकडे वर्गमित्राची चुगली करण्यासाठी दुसरा प्रयोग मुलांच्या बोलण्यात नेहमी येतो.